टेक्सास ज्वर व गोचीड-निर्मूलन

टेक्सास ज्वर : गोचिडींमार्फत गुरांना होणारा, तांबड्या रक्तपेशी नष्ट करणारा रोग. बबेसिया बायजेमिना व बबेसिया बोव्हिस हे आदिजीव त्याला कारणीभूत असतात. बाधित गोचीड चिकटल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप येतो, जनावर रवंथ करेनासे होते, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते, मग रक्तक्षय व कावीळ. आधी कधीच लागण न झालेली मोठी गुरे उपचाराविना फार मरतात. वासरे मात्र सौम्य आजारावर निभावतात आणि पुढे बरीच वर्षे सुरक्षित राहतात.

या फरकामुळे अमेरिकेत पुष्कळ काळ गोंधळ झाला. यादवी युद्धानंतर टेक्सासची लांब शिंगांची गुरे उत्तरेच्या बाजारांकडे जाऊ लागली. ती स्वतः धडधाकट असत, पण ती ज्या कुरणात थांबत तिथली गुरे काही आठवड्यांनी पटापट मरत. 1868 मध्ये इलिनॉय व इंडियाना राज्यांत असाच हाहाकार उडाला. गुराखी आधीपासून गोचिडीकडे बोट दाखवत होते, पण जाणकारांनी ते हसण्यावारी नेले. कृषिखात्यातील थिओबाल्ड स्मिथ यांनी ते हसण्यावारी नेले नाही, हा त्यांचा मोठेपणा. 1889 पासून स्मिथ व पशुवैद्य एफ. एल. किलबोर्न यांनी वॉशिंग्टनजवळ कुंपण घातलेल्या शेतांत प्रयोग केले. एका शेतात दाक्षिणात्य गुरे गोचिडींसह सोडली. दुसऱ्यात अंगावरची एकेक गोचीड वेचून काढून. तिसऱ्यात गुरांशिवाय नुसत्या गोचिडी पसरल्या. उत्तरेची गुरे जिथे गोचिडी होत्या तिथेच आजारी पडली. 1893 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. आदिजीवजन्य रोग अशा रक्तपिपासू जीवामार्फत पसरतो, याचा तो पहिला प्रायोगिक पुरावा. रोनाल्ड रॉस यांचे सिकंदराबादेतील डासांवरचे काम त्यानंतरचे, 1897 चे.

रोगवाहक गोचीड एकाच जनावरावर अळी ते प्रौढ अशी वाढते. तिला सुमारे तीन आठवडे लागतात. मग रक्ताने टम्म फुगलेली मादी जमिनीवर गळून हजारो अंडी घालते. रोगजंतू अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. याच जीवनक्रमावर डिपिंगचे, म्हणजे औषधस्नानाचे, वेळापत्रक बेतलेले आहे: दर 14 दिवसांनी गुरे बुडवली, तर कोणत्याही मादीला अंडी घालेपर्यंत सवड मिळत नाही. अळ्या कुरणात कित्येक महिने उपाशी जगतात. म्हणून ही आंघोळ तितकेच महिने, एकही जनावर न वगळता, चालू ठेवावी लागते.

डिपिंगची टाकी म्हणजे जमिनीत खोदलेला लांब, अरुंद, काँक्रीटचा चर. जनावर एका टोकाला उडी घेते, डोक्यासकट बुडते, पोहत जाते व दुसऱ्या टोकाच्या पायऱ्या चढून बाहेर येते. निथळणारे पाणी पुन्हा टाकीत वळवतात. गुरांना आधी पोटभर पाणी पाजतात, नाहीतर तहानेने ती औषधच पितात. सुरुवातीच्या काळात हे औषध संखियाचे, म्हणजे आर्सेनिकचे, द्रावण होते. त्याचे अवशेष आजही जुन्या टाक्यांभोवतीच्या मातीत सापडतात. एकट्या फ्लोरिडात अशा तीन हजारांहून अधिक टाक्या होत्या.

1906 मध्ये सुरू झालेली अमेरिकी संघराज्य सरकारची गोचीड-निर्मूलन मोहीम 1943 मध्ये संपली. तिचा फायदा मोठ्या पशुपालकांना आधी झाला. दोन-चार गाई असलेल्या शेतकऱ्याला दर पंधरवड्याला मैलोगणती गुरे हाकावी लागत. शिवाय त्याच्या वासरांना जन्मापासून गोचिडींच्या सहवासाने प्रतिकारशक्ती मिळालेलीच होती. काही राज्यांत लोकांनी टाक्या डायनामाइटने उडवल्या. त्यांचा संताप निव्वळ अडाणीपणाचा नव्हता.

कारण अर्धवट डिपिंग हे अजिबात न करण्यापेक्षा धोक्याचे ठरते. गोचिडी कमी झाल्या की वासरांना सौम्य लागण होत नाही, कळप कोरा राहतो आणि गोचीड परतताच मोठी गुरे मरतात. 1970 च्या दशकात ऱ्होडेशियात, आजच्या झिंबाब्वेत, युद्धामुळे डिपिंग कोलमडले. सुमारे दहा लाख गुरे दगावल्याचा अंदाज आहे. दुसरी अडचण औषधाला सरावलेल्या गोचिडींची. ऑस्ट्रेलियात आधी आर्सेनिक, मग डीडीटी निष्प्रभ झाले.

भारताचा या रोगाशी संबंध दुहेरी आहे. वशिंडाची भारतीय गुरे गोचिडींना चांगली तोंड देतात; म्हणून गीर, कांकरेज, ओंगोल व थोड्या प्रमाणात कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, यांच्यापासून अमेरिकेत ब्राह्मण ही जात तयार झाली. महाराष्ट्रातल्या होल्स्टीन व जर्सी संकरित गाईंत ही ताकद कमी. त्यांना बबेसियाइतकाच थायलेरिया हा गोचिडींमार्फत येणारा दुसरा आदिजीवही छळतो. इथे गाईंसाठी सामूहिक टाक्यांऐवजी अंगावर फवारणी, पाठीवर ओतायचे औषध आणि गोठ्याच्या भेगा बुजवणे हेच मार्ग चालतात.

अमेरिकेत रिओ ग्रांदेकाठचा सुमारे 500 मैलांचा पट्टा आजही कायम विलगीकरणात आहे. तिथे सरकारी घोडेस्वार मेक्सिकोतून भटकत आलेली गुरे पकडतात. टेक्सासात शिकारीसाठी आणलेल्या नीलगाईही, म्हणजे विदर्भातले रोही, गोचिडी वाहतात आणि त्यांना टाकीत बुडवता येत नाही.