कुलूप फोडणं हेच संरक्षण

प्रोग्राम उलगडून त्याची नक्कल करणाऱ्यांना रोखायला व्हीएमप्रोटेक्ट, थेमिडा अशी साधनं आली. त्यांची युक्ती अशी: प्रोग्रामच्या सूचना नव्याच, खासगी भाषेत बदलायच्या आणि ती भाषा चालवणारं व्हर्च्युअल मशीन सोबत द्यायचं. भाषा दर वेळी वेगळी.

पण याच आडोशाला व्हायरस लिहिणारेही येऊन लपले. मग हे कुलूप फोडणं अँटिव्हायरसवाल्यांचीच गरज बनली.

२००९ मध्ये रॉल्फ रोलेस यांनी एक मार्ग मांडला: आधी हे मशीन समजून घ्या, मग त्या भाषेचं उलट भाषांतर करा. काम नेमकं, पण कष्टाचं. २०११ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी मशीन बाजूलाच ठेवलं. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे काय मागतो ते पाहिलं आणि तिथून मागे जात कामाच्या सूचना वेचल्या. २०१७ मध्ये आलेल्या 'सिंटिया'नं तर कोडच्या तुकड्यात काय आत जातं आणि काय बाहेर येतं, एवढ्यावरून त्याचा अर्थ ओळखला.

भाषा कितीही लपवा, प्रोग्रामला शेवटी काम करावंच लागतं. तिथेच तो सापडतो.