गर्भाशयमुखावरील उपचारानंतरचा पुनरुद्भव : बार्शीच्या नोंदणीच्या अनुषंगाने

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नाव कर्करोगविज्ञानाच्या इतिहासात आले ते एखाद्या नव्या शस्त्रक्रियेमुळे नव्हे, एका नोंदवहीमुळे. १९८७ साली बार्शी आणि लगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील परांडा व भूम ह्या तालुक्यांसाठी कर्करोगनोंदणी सुरू झाली. निव्वळ ग्रामीण लोकसंख्येची भारतातील ही पहिली नोंदणी होय. खेड्यातील रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नाही हे जाणून तिचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले व संशयित रुग्णांस बार्शीस तपासणीसाठी येण्यास उद्युक्त करीत राहिले. स्त्रियांच्या कर्करोगांत त्या काळी गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथे अग्रस्थानी होता. लोकजागृतीमुळे तो पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत ओळखला जाऊ लागला, असे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने प्रभृतींनी १९९५ साली दाखवून दिले.

ह्या पायावरच १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील मोठा प्रयोग उभा राहिला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटास एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यास पेशीपरीक्षा, तिसऱ्यास ॲसेटिक आम्ल लावून केलेली नेत्रपरीक्षा, आणि चौथ्यास केवळ नेहमीची सेवा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणुचाचणीच्या गटात ह्या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. (चौथ्या गटास चाचणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद पुढे बराच गाजला, तो अस्थानी होता असे म्हणता येत नाही.)

तथापि ही तुलना चाचणीच्या एकाच फेरीची होती. ज्यांच्या गर्भाशयमुखावर पूर्वकर्करोगी विकृती सापडली त्यांवर गोठवणीचा, विद्युत्फासाने छेदनाचा किंवा शंकुछेदनाचा उपचार झाला. अशा स्त्रीस ‘बरी झाली’ असे म्हणावे काय? विकृत भाग काढला तरी कडेला काही अंश उरू शकतो. आणि कडा स्वच्छ असल्या तरी विषाणू टिकून राहू शकतो. आर्बिन व सहकाऱ्यांनी २०१७ साली ९७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सुमारे ६.६ टक्के स्त्रियांत गंभीर विकृती उरलेली वा पुन्हा उद्भवलेली आढळली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे अपयश ओळखण्यात कडांच्या परीक्षेची संवेदनक्षमता जेमतेम ५६ टक्के, तर उपचारोत्तर विषाणुचाचणीची ९१ टक्के भरली. स्वीडनमधील २००७ सालच्या अभ्यासात तर उपचारानंतर पंचवीस वर्षांपर्यंत कर्करोगाचा धोका सर्वसामान्य स्त्रियांच्या दुपटीहून अधिक राहिल्याचे दिसले.

म्हणजे निर्णायक प्रश्न शल्यगृहात सुटत नाही; ती स्त्री पुन्हा सापडते की नाही, ह्यावर तो अवलंबून राहतो. येथे भाषेचाही अडसर आहे. ह्या भागातील बोलीत गर्भाशय म्हणजे ‘पिशवी’, आणि पिशवी काढली की दुखणे मुळासकट गेले, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः गंभीर विकृतीसाठी गर्भाशय काढल्यानंतरही योनिमार्गात तशीच विकृती उद्भवू शकते. ‘पूर्वकर्करोग’ हा ग्रांथिक शब्दही फारसा साहाय्यक नाही. ऐकणारीस त्यात ‘कर्करोग’ तेवढा ऐकू येतो, ‘पूर्व’ निसटतो. मग ती एकतर मरणभयाने खचते किंवा उपचार होताच विषय संपला असे मानते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार उपचारानंतर बारा महिन्यांनी पुन्हा चाचणी करावयाची असते. ज्या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात ती उन्हाळ्यातच परततात, तेथे ह्या बारा महिन्यांचा अर्थ निराळा होतो. पावसाळ्यात उपचार घेतलेली स्त्री तेराव्या महिन्यातही गावी सापडेल. मार्गशीर्षात ठरवलेली तारीख मात्र फडावरच उलटून जाते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन जे साधले, त्याची उपचारित स्त्रियांच्या बाबतीत अधिकच निकड आहे, कारण त्यांना आता अंगावरून काही जात नसते आणि रुग्णालयाकडे वळण्याचे एकही लक्षण त्यांच्या ठायी उरलेले नसते.