कुत्र्याचे पथ्य: ‘नैसर्गिक’ आहाराच्या कल्पनेचा इतिहास

जुनाट आजाराने ग्रासलेल्या कुत्र्याला कारखान्यातील खाद्य बंद करून ‘नैसर्गिक’ आहार द्यावा, हा आग्रह ऐकताना फार प्राचीन वाटतो. प्रत्यक्षात एक संघटित मत म्हणून त्याचा माग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापलीकडे क्वचितच लागतो. त्याआधीची सुमारे दोन हजार वर्षे कुत्र्याच्या अन्नाविषयी लिहिणाऱ्यांना निसर्गात कुत्रा काय खाईल हा प्रश्न पडलेला दिसत नाही. मालकाच्या घरी जे पिकते आणि जे उरते त्यातले काय द्यावे, एवढाच त्यांचा विचार होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हॅरो मेंढपाळाच्या कुत्र्यांसाठी दुधात भिजवलेली जवाची पोळी सुचवतो आणि मेलेल्या मेंढीचे मांस त्यांना चाखू देऊ नये, अशी ताकीद देतो, कारण एकदा चटक लागली की राखणदारच कळपावर तुटून पडेल. त्याच्यानंतर शतकभराने कॉल्युमेला जवाच्या पिठात दुधाची निवळी कालवायला सांगतो. इंग्लंडमधील शिकारी कुत्र्यांविषयी १७८१ मध्ये लिहिणाऱ्या पीटर बेकफर्डच्या काळीही ओट आणि जव यांची शिजवलेली लापशी हेच मुख्य अन्न होते आणि घोड्याचे मांस तिच्या जोडीला असे. दख्खनच्या पठारावर वस्तीवरचा कुत्रा भाकरीच्या तुकड्यावर आणि ताकावर जगत आला, तो याच व्यवहाराचा आपल्याकडचा नमुना होय.

या व्यवहाराला जैविक आधारही आहे. स्वीडनमधील उप्साला येथील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिठूळ पदार्थ पचवणारा अमायलेज हा स्राव स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या धान्याशेजारी राहून कुत्र्याचे शरीरच बदलले होते, असा याचा अर्थ. म्हणून ‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा’ हे समीकरण आहारापुरते तरी फार ताणता येत नाही. अर्थात धान्य पचते म्हणजे धान्यावर भागते असे नव्हे, आणि विसाव्या शतकातील आहारशास्त्राने नेमकी हीच गोष्ट कुत्र्यांच्याच जिवावर शिकून घेतली.

मधल्या काळात कुत्र्याचे अन्न घरातून बाजारात गेले. जेम्स स्प्रॅट या अमेरिकी विक्रेत्याने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांसाचा अंश एकत्र भाजून कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला आरंभ केला. गोदीतल्या कुत्र्यांना खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे ज्याच्या नावाने जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरू लागले, तो चार्ल्स क्रफ्ट याच स्प्रॅटच्या पदरी विक्रीचे काम करीत असे. तयार खाद्याला प्रतिष्ठा मिळाली ती अशी प्रदर्शनांच्या आणि जातिवंत कुत्र्यांच्या शहरी हौसेतून. त्यात शास्त्राचा भाग थोडाच होता.

शास्त्र दुसऱ्याच दाराने आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी मुडदुसाचा, म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याच्या रोगाचा, शोध घेत होते आणि त्यासाठी त्यांनी कुत्र्याची पिल्ले निवडली होती. बंदिस्त जागेत, उन्हाशिवाय, धान्यप्रधान खुराकावर ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस होई आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की तो टळे, हे त्यांनी १९१८-१९ मध्ये दाखवले. या तेलातील कारक घटक पुढे ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून वेगळा ओळखला गेला. मेलन्बींच्या पुढील प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. ब्रिटिश घरांत सकस म्हणून नावाजलेले ओटचे पीठ हाडांना सर्वांत घातक ठरले, कारण धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. अन्न जितके कमी सडलेले-कांडलेले तितके ते हितकर, ही समजूत येथे निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी उलटी पडली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत याच सुमारास दुसरा धडा मिळत होता. मक्याच्या भाकरीवर जगणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा होत असे. या रोगात कातडी सोलपटते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धिभ्रम होतो. त्याच मजुरांच्या कुत्र्यांना जीभ काळी पडून तोंड सडण्याचा जीवघेणा विकार जडत असे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९२० च्या दशकात या दोन्ही रोगांचे मूळ एकच असल्याचे ओळखले आणि यीस्टने कुत्रे बरे होतात हे दाखवले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्वेजेम यांनी काळ्या जिभेचे कुत्रे निकोटिनिक आम्लाने, म्हणजेच नायसिन या जीवनसत्त्वाने, बरे केले आणि माणसांच्या पेलाग्रावरही तोच उपाय लागू पडला.

या शोधाचा पुढचा अंक मराठी वाचकाच्या अगदी शेजारी घडला. हैदराबादच्या आहार संशोधन प्रयोगशाळेत (पुढे तिचेच नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले) सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की दख्खनमध्ये मका न खाणाऱ्या, पण ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. हे कोडे होते, कारण मक्यात जी उणीव असते ती ज्वारीत त्या प्रमाणात नसते. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे, म्हणजे प्रथिनाच्या एका घटकाचे, आधिक्य नायसिनच्या कामात अडथळा आणते, अशी उपपत्ती त्यांनी १९६० मध्ये मांडली आणि १९६५ मध्ये भवानी बेलवाडी व गोपालन यांनी ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत काळी जीभ निर्माण झाल्याचे प्रसिद्ध केले. ल्युसिनच्या उपपत्तीवर नंतर बराच वाद झाला. तथापि केवळ ज्वारीवर कुत्रा निरोगी राहत नाही, हे निरीक्षण त्या वादापासून वेगळे काढता येते. वस्तीवरच्या कुत्र्याचे भाकरीवर भागत असे, ते बहुधा भाकरीसोबत ताक, हाडूक, उंदीर आणि उकिरडा हे सारे त्याच्या वाट्याला येत होते म्हणूनच.

रक्तक्षयाच्या बाबतीतही कुत्राच मध्यस्थ ठरला. जॉर्ज व्हिपल आणि फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स यांनी वारंवार रक्त काढून पांडुर केलेल्या कुत्र्यांना निरनिराळी अन्ने देऊन पाहिली आणि रक्त भरून काढण्यात यकृत सर्वांत सरस ठरल्याचे नोंदवले. त्यावरून स्फूर्ती घेऊन मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये माणसांच्या एका प्राणघातक रक्तक्षयावर यकृताचा आहार यशस्वी केला आणि १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपलसह तिघांना मिळाले. गंमत अशी की कुत्र्यांना मुख्यतः यकृतातील लोहाचा गुण आला होता, तर माणसांना ‘ब-१२’ चा. योग्य औषध चुकीच्या तर्काने सापडल्याचे हे उदाहरण आहे. या सर्व ज्ञानाची किंमत मुद्दाम आजारी पाडलेल्या कुत्र्यांनी मोजली, आणि आजारी कुत्र्यांना त्याचा लाभ मात्र माणसांनंतर, बराच उशिरा मिळाला.

‘नैसर्गिक संगोपन’ या नावाची चळवळ उभी राहिली ती याच पार्श्वभूमीवर. मँचेस्टरमध्ये १९१२ साली जन्मलेल्या ज्युलिएट दे बैराक्ली लेव्ही यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडले आणि प्रयोगशाळेऐवजी जिप्सी व भटक्या पशुपालकांकडून वनौषधी शिकण्याचा मार्ग धरला. कच्चे मांस, कच्चे दूध, भरड धान्य, हिरवा पाला, भरपूर धावपळ आणि ठराविक दिवशी लंघन, असा त्यांचा क्रम होता. लंघन हेच पहिले औषध मानणाऱ्या वैद्यपरंपरेच्या वाचकाला त्यात ओळखीचे बरेच सापडेल. लेव्हींची ख्याती झाली ती डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या साथीवर लंघन आणि वनस्पतींनी केलेल्या उपचारांमुळे, आणि नेमका तोच त्यांच्या मतप्रणालीचा दुबळा भाग होता. डिस्टेंपर विषाणूजन्य आहे हे फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी १९०५ मध्येच मांडले होते, आणि १९२० च्या दशकात लंडनच्या मिल हिल येथे लेडलॉ व डंकिन यांनी त्यावर लस तयार केली होती. या साथीला आवर घातला तो त्या लशीने आणि तिच्या सुधारित आवृत्त्यांनी. पण शुभ्र पाव आणि शिळी बिस्किटे कुत्र्याला रोगट करतात, हा लेव्हींचा दुसरा आरोप इतक्या सहज झटकता येण्याजोगा नव्हता.

त्या आरोपाला बळ मिळाले ते पुन्हा मेलन्बींकडून. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत कुत्र्यांचा एक विचित्र आजार वाढला होता. चांगला धडधाकट कुत्रा एकाएकी भ्रमिष्टासारखा पळत सुटे, भिंतींवर आदळे, झटके येऊन कोसळे आणि थोड्या वेळाने सावरे. या ‘श्वान-उन्मादा’ची कारणे आनुवंशिकतेपासून जंतांपर्यंत अनेक सांगितली गेली. मेलन्बींनी १९४६ मध्ये दाखवून दिले की हा उन्माद पिठातून येतो, आणि पिठातही गव्हातून नव्हे, तर पीठ पांढरेशुभ्र दिसावे आणि पाव फुगावा म्हणून गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूमुळे. हा वायू पिठातील प्रथिनावर क्रिया करून एक विषारी द्रव्य तयार करतो, हे रसायनशास्त्रज्ञांनी लवकरच दाखवले. माणसांवर तसा परिणाम सिद्ध झाला नाही, तरी अमेरिकेत हा वायू १९४० चे दशक संपतानाच बाद झाला आणि ब्रिटनमध्येही पुढील दशकात त्याचा वापर थांबला. ज्या पिठाचा पाव कोट्यवधी माणसे रोज खात होती, त्यावर संशय घेण्याची वेळ सरकारांवर आणली ती कुत्र्यांनी. ‘नैसर्गिक’ पक्षाच्या संपूर्ण इतिहासात याहून ठोस पुरावा त्याच्या हाती क्वचितच आला असेल, आणि तोही विरुद्ध तंबूतील माणसाने पुरवलेला होता.

आजारी कुत्र्याच्या पथ्याला आजचे रूप मात्र अमेरिकेत, न्यू जर्सीतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्या रुग्णालयात आले. मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाने स्वित्झर्लंडमधून १९२८ मध्ये आणलेली ‘बडी’ ही अमेरिकेतील पहिली मार्गदर्शक कुत्री होती, आणि १९३९ मध्ये ‘बडी’ची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तेव्हा फ्रँक डॉक्टर मॉरिस यांच्याकडे आले, असे या पथ्याच्या प्रचलित इतिहासात नोंदलेले आहे. पहिली बडी १९३८ मध्येच मरण पावली होती आणि तिच्यानंतरच्या कुत्र्यांनाही फ्रँक यांनी तेच नाव दिले, हे ध्यानात घेता रुग्ण दुसरा बडी असावा. प्रचारकथेत दोन कुत्र्यांचा एक झाला, एवढेच. मॉरिस यांचा विचार सरळ होता. प्रथिन पचून उरणारा युरिया आणि अन्नातील फॉस्फरस यांची विल्हेवाट मूत्रपिंडाला लावावी लागते; तेव्हा प्रथिन थोडे पण उत्तम प्रतीचे द्यावे आणि फॉस्फरस व मीठ कमी करावे, म्हणजे दुबळ्या अवयवावरचा भार हलका होईल. मॉरिस दांपत्याने हे अन्न घरच्या स्वयंपाकघरात शिजवून काचेच्या बरण्यांत भरले, फ्रँक यांच्या प्रवासात बरण्या फुटू लागल्या तेव्हा डब्यांत बंद केले, आणि मागणी आवाक्याबाहेर गेल्यावर १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपिका येथील बर्टन हिल यांच्या कारखान्याशी करार केला. ‘के/डी’ नावाचा तो डबा औषधासारखा पशुवैद्याच्या सल्ल्यानेच मिळे. कारखान्याच्या खाद्याला पर्याय म्हणून आज घरी शिजवलेले अन्न सुचवले जाते. या पहिल्या पथ्यान्नाचा जन्म मात्र घरच्या चुलीवर, मोजूनमापून, झालेला होता.

मॉरिस यांच्या तर्कातील प्रथिनाचा भाग पुढे वादग्रस्त झाला, कारण प्रथिन फार कमी केल्याने कुत्र्याचे स्नायूच झिजतात. फॉस्फरसचा भाग मात्र अधिकाधिक पक्का होत गेला. मिनेसोटा विद्यापीठातील अभ्यासकांनी २००२ मध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या ३८ कुत्र्यांवर, कोणाला कोणते अन्न मिळते हे मालक व वैद्य दोघांनाही कळू न देता, केलेल्या चाचणीत पथ्यान्नावरील कुत्रे साध्या खाद्यावरील कुत्र्यांपेक्षा अधिक काळ जगल्याचे आणि रक्तात विषारी द्रव्ये साचून प्रकृती ढासळण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आल्याचे आढळले.

दरम्यान लेव्हींचा वारसा नव्या नावांनी पुढे चालला होता. अमेरिकी पशुवैद्य रिचर्ड पिटकेर्न यांचे १९८२ चे मार्गदर्शक पुस्तक घरी तयार केलेल्या अन्नाचा पुरस्कार करणारे होते, तर ऑस्ट्रेलियाच्या इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये कच्चे मांस आणि कच्ची मांसल हाडे हाच कुत्र्याचा उत्क्रांतीसिद्ध आहार असल्याचे प्रतिपादन केले. या मताला मोठा अनुयायीवर्ग मिळाला तो २००७ च्या घटनेनंतर. त्या वर्षी उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या खाद्यातील गव्हाच्या प्रथिनात मेलामाइनची भेसळ निघाली. प्लास्टिकच्या उद्योगातील हे नायट्रोजनयुक्त रसायन प्रथिनाचे मोजमाप फुगवून दाखवण्यासाठी मिसळलेले होते, आणि सायन्युरिक आम्लाशी संयोग पावून त्याचे स्फटिक कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांत साचले. कारखान्यावरचा विश्वास उडायला याहून वेगळे कारण लागत नाही. तथापि कारखान्याचा दोष सिद्ध झाला म्हणून पर्यायाचा गुण आपोआप सिद्ध होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतील व इतरत्र प्रसिद्ध झालेल्या घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य उणे निघाले. धान्यविरहित खाद्याच्या लाटेलाही धक्का बसला तो २०१८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर यांसारख्या कडधान्यांवर आधारलेले खाद्य आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली तेव्हा; कार्यकारणभाव त्या चौकशीतून निश्चित झाला नाही.

मूत्रपिंडाच्या आजारात तर दोन्ही परंपरांचा झगडा एका पदार्थावर येऊन ठेपतो. कच्च्या आहाराच्या पुरस्कर्त्यांना जे हाड कुत्र्याचा जन्मसिद्ध घास वाटते, ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचेच बनलेले असते, आणि फॉस्फरस हाच तर या रुग्णाचा वैरी. म्हणून आहारतज्ज्ञ पशुवैद्य अशा कुत्र्यासाठी घरचे अन्न लिहून देतात तेव्हा भात, अंडे, थोडे मांस आणि तेल यांचे वजन ठरवून देतात, जीवनसत्त्वे वेगळी जोडतात, आणि हाडाच्या ठिकाणी कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ते कॅल्शियम पुरवते, शिवाय आतड्यातच फॉस्फरसला बांधून शौचावाटे बाहेर नेते. तेच द्रव्य अंड्याच्या कवचातही असल्याने ती कवचे वाळवून, दळून, ग्रॅमच्या हिशेबाने घालण्याचीही मुभा असते.