ध्वनिमुद्रणाचें यंत्र : मेणाच्या नळीपासून अंकांपर्यंत

ज्ञानेश्वरींतील ओवी सातशें वर्षांनंतरहि वाचतां येते. तिचे निरनिराळे पाठ ताडून पाहतां येतात, अर्थ लावतां येतो. परंतु ती ओवी त्या काळच्या माणसाच्या कंठांतून कशी उमटत असे, कोणत्या अक्षरावर आघात येई, कोठें श्वास घेतला जाई, हें ऐकण्याचा मार्ग आज उरलेला नाहीं. लिपीनें शब्द राखला. आवाज राखणें तिच्या शक्तीबाहेरचें होतें. ही उणीव हजारों वर्षें तशीच राहिली, आणि ती भरून निघण्यास आरंभ झाल्याला अवघीं दीडशें वर्षें होत आलीं आहेत.

या दीडशें वर्षांचा इतिहास बहुधा शास्त्रीय शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण त्याला दुसरीहि एक बाजू आहे. यंत्र किती जड, किती महाग आणि एका दमांत किती वेळ चालणारें, यावर कोणाचा आवाज टिकावयाचा आणि कोणाचा विरून जावयाचा, हें ठरत आलेलें आहे. जें यंत्र शहरांतील दालनांतून हलत नाहीं, तें नामांकित गवयाचें गाणें टिपील; पहांटे जात्यावर बसलेल्या बाईची ओवी त्याच्या वांट्याला येणार नाहीं. म्हणून खांद्यावर घेऊन हिंडतां येईल अशा ध्वनिमुद्रण-यंत्राची कथा ही एका अर्थानें सामान्य माणसाच्या आवाजाची कथा आहे.

१८७७ सालच्या अखेरीस टॉमस आल्वा एडिसन यानें अमेरिकेंत फोनोग्राफ सिद्ध केला. फिरत्या नळीवर कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. बोलणाऱ्याच्या आवाजानें एक पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई पत्र्यावर कमीअधिक खोलीचे खळगे पाडी. त्या खळग्यांवरून पुन्हां सुई फिरविली कीं आवाज परत येई. परंतु थोड्याच वेळां वाजविल्यावर पत्रा निकामी होई. पुढें पत्र्याची जागा मेणाच्या नळीनें घेतली आणि यंत्र पेटींत घालून प्रवासाला नेण्याजोगें झालें. १८९० च्या मार्चमध्यें जेसी वॉल्टर फ्यूक्स या संशोधकानें मेन राज्यांत जाऊन पासामाक्वोडी या आदिवासी लोकांचीं गाणीं आणि कथा मेणावर उतरविल्या. लोकांच्या वस्तींत जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचा हा आरंभ मानला जातो. १९०६ पासून हंगेरींतील संगीतकार बेला बार्टोक फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडूं लागला, आणि शेतकऱ्यांच्या तोंडचीं हजारों गाणीं त्यामुळें नाश पावण्यापासून वांचलीं.

मेणाच्या मर्यादा मात्र कडक होत्या. एका नळीवर दोन-तीन मिनिटांहून फारसें मावत नसे. गाणाऱ्याला कर्ण्याशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे. शिवाय प्रत्येक वेळीं वाजवितांना सुई थोडें मेण खरवडून नेई. आवाज जितका ऐकावा तितका तो झिजत जाई.

भारतांत १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. येथें यंत्र एका जागीं मांडलेलें होतें; गाणाऱ्यानें त्याच्याकडे जावयाचें होतें. जॉर्ज ग्रीअर्सन याच्या भाषा-पाहणीच्या अनुषंगानें १९१३ ते १९२९ या काळांत निरनिराळ्या प्रांतांतील बोलींच्याहि तबकड्या तयार झाल्या. त्यांपैकीं पुष्कळ तबकड्यांवर बायबलांतील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत सांगितलेली आहे. बोलींची तुलना करण्यास ही योजना सोयीची होती. पण बोलणाऱ्याच्या मनांत स्वतःचें असें काय होतें, हें त्या गोष्टींतून कळण्यास वाव नव्हता.

पुढें वीज आली, मायक्रोफोन आला आणि कर्णा गेला. तरी वजन उतरलें नाहीं. १९३३ सालीं जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा ॲलन यांनीं अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयासाठीं दक्षिणेकडील तुरुंगांतून कैद्यांचीं गाणीं गोळा केलीं. त्यांच्या मोटारीच्या मागच्या भागांत ठेवलेलें यंत्र ३१५ पौंडांचें, म्हणजे सुमारें १४३ किलो वजनाचें होतें. लुइझियानांतील अंगोला तुरुंगांत त्यांना हडी लेडबेटर हा कैदी भेटला. पुढें लेडबेली या नांवानें तो प्रसिद्धीस आला. मोटार तुरुंगाच्या दारापर्यंत पोंचली, म्हणून हा आवाज जगाला लाभला. जेथें मोटारीचा रस्ताच नव्हता, तेथील आवाजांची गणती कोणी करावी?

वजन कमी केलें तें चुंबकीय फितीनें. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेन यानें १८९८ सालींच पोलादी तारेवर चुंबकाच्या साह्यानें आवाज उमटवून दाखविला होता. १९३५ सालीं बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनांत फितीवर चालणारें मॅग्नेटोफोन हें यंत्र लोकांपुढें आलें. परंतु खऱ्या अर्थानें सुटसुटीत यंत्र घडविलें तें पोलंडांत जन्मून स्वित्झर्लंडांत शिकलेल्या स्टेफान कुडेल्स्की यानें. १९५१ सालीं त्यानें नागरा नांवाचें यंत्र तयार केलें. पोलिश भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘तो मुद्रित करील’ असा होतो. पहिल्या नमुन्यांत फीत फिरविण्याचें काम घड्याळाप्रमाणें चावी दिलेली कमान करी. रेडिओचे वार्ताहर आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रक पुढें कित्येक वर्षें नागरा खांद्याला अडकवून जगभर हिंडले. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें छोटी कॅसेट काढली आणि ध्वनिमुद्रण घरोघर पोंचलें. तरी फितीचा एक दोष राहिलाच. तिच्यांत मूळचीच एक बारीक खसखस असे, आणि नकलेची नक्कल काढावी तसतशी ती वाढत जाई.

हा दोष अंकांनीं दूर केला. तापाच्या रोग्याच्या उशाशीं ठराविक वेळानें ताप मोजून तक्त्यावर टिंबें मांडतात आणि तीं जोडलीं म्हणजे तापाचा चढउतार दिसतो. तसाच हा प्रकार आहे. ध्वनीच्या लहरीची उंची ठराविक अंतरानें मोजावयाची आणि ती अंकांत लिहून ठेवावयाची. ब्रिटिश अभियंता ॲलेक रीव्हज यानें ही कल्पना १९३७ सालीं मांडली. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० कंपांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, आणि सर्वांत वेगवान कंपाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केली तर लहर पुन्हां जशीच्या तशी उभी करतां येते. म्हणून १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० मोजण्या असतात आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांच्या अंकांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलेली असते. अंकांची नक्कल मूळाइतकीच शुद्ध असते. दहावी नक्कलहि पहिलीसारखीच निघते. १९८७ सालीं डॅट ही अंकीय फीत आली आणि दालनांतल्या प्रतीचें मुद्रण हातांतल्या यंत्रानें करणें शक्य झालें.

या यंत्राचें महाराष्ट्राशीं जडलेलें नातें विसरण्यासारखें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यापासून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनीं जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. गांवोगांवच्या बायांकडून ऐकून ओव्या कागदावर उतरविल्या जात. पुढें एक हजाराहून अधिक गांवांतून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. पण कागदावर ओवी आली तरी गळा आला नाहीं. एकीनें ओळ उचलावी आणि समोरचीनें ती झेलावी, जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द लांबावा, खुंट्याला जोर देतांना श्वास तुटावा, हें लेखणीनें कसें लिहावें? १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर संगीताचे अभ्यासक बर्नार बेल या कार्यांत सामील झाले आणि डॅट-यंत्रावर ओव्यांचें मुद्रण होऊं लागलें. १२० तासांहून अधिक ध्वनि अशा रीतीनें जमा झाला. हें काम अगदीं वेळेवर झालें. गांवांत विजेच्या गिरण्या आल्या होत्या, जातीं कोपऱ्यांत जाऊन पडलीं होतीं. दळण थांबलें कीं दळणाबरोबर म्हणावयाची ओवीहि तोंडांत येईनाशी होते. आणखी एक पिढी उलटली असती, तर शब्द उरले असते आणि चाली गेल्या असत्या. २०१७ पासून ग्रामीण भारताचा संग्रह करणाऱ्या ‘पारी’ या संस्थेनें या ओव्या सर्वांना ऐकावयास खुल्या केल्या आहेत.

डॅटची फीत नाजूक होती. धूळ आणि दमट हवा तिला सोसत नसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फीतच गेली आणि तिच्या जागीं नखाएवढें मेमरी कार्ड आलें. २००६ सालच्या झूम एच-४ सारख्या यंत्रांत मायक्रोफोन, मुद्रण आणि सांठवण हीं तिन्ही एका मुठींत मावलीं. आंत फिरणारा भाग एकहि नाहीं. आज असें यंत्र शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आंवाक्यांत आहे. यामुळें अडचण वजनाची राहिली नाहीं. ती निवडीची आणि वापराची झाली.

निवड करतांना जाहिरातींतील मोठमोठ्या आंकड्यांना भुलूं नये. सेकंदाला ४८,००० मोजण्या आणि २४ बिट एवढें प्रमाण बोलण्याला व गाण्याला पुरेसें आहे. २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या होतात. त्याहून बारीक भेद कानाला कळत नाहीं. या प्रमाणानें दोन मार्गिकांच्या एका तासाच्या मुद्रणाला सुमारें एक गिगाबाइट जागा लागते, म्हणून ३२ गिगाबाइटच्या कार्डावर जवळजवळ तीस तास मावतात. जागा वांचविण्यासाठीं ध्वनि आंखडून ठेवणाऱ्या प्रकारांपासून दूर राहावें. १९९२ सालीं आलेली मिनिडिस्क कानाला बहुधा ऐकूं न येणारे अंश गाळून ध्वनि सुमारें पांचव्या हिश्शांत बसवी. ऐकणाऱ्याला उणें कांहीं वाटत नसे. पण गाळलेला अंश कायमचा जातो, आणि उद्यां एखाद्या अभ्यासकाला नेमका तोच हवा असल्यास तो परत आणण्याचा उपाय नाहीं.

आंकड्यांपेक्षां यंत्राची स्वतःची शांतता महत्त्वाची. हलक्या प्रतीच्या यंत्रांत हळू आवाज वाढवितांना आंतली खसखसहि वाढते, आणि वृद्धांचें बोलणें बहुधा हळूच असतें. बाहेरचा चांगला मायक्रोफोन जोडण्याची आणि त्याला ४८ व्होल्ट पुरविण्याची सोय असावी. कोणत्याहि खेड्यांतील दुकानांत मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर यंत्र चालावें. २०१९ नंतर ३२ बिटांच्या दशांशचिन्ह-पद्धतीचीं सुटसुटीत यंत्रें आलीं आहेत. त्यांत अचानक मोठा आवाज झाला तरी तो मागाहून सांवरून घेतां येतो. तथापि मायक्रोफोन चुकीच्या जागीं ठेवला असेल तर ही सोयहि कामास येत नाहीं.

वापरांत पहिला विचार अंतराचा. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केलें कीं ध्वनीचा दाब निम्म्यावर येतो, खोलींतील घुमणें मात्र तेवढेंच राहतें. म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, किंचित् बाजूला मायक्रोफोन असावा. जात्याची ओवी घेतांना तो दगडाजवळ ठेवला तर घरघर शब्दांना गिळून टाकील. आणि घरघर अगदींच टाळली तर ओवी आपल्या कामापासून तुटेल. वाऱ्यासाठीं मायक्रोफोनवर केसाळ टोपी घालावी. पंखा बंद करावा. यंत्र मेजावर तसेंच न ठेवतां खालीं घडी केलेलें कापड घ्यावें. अंकीय यंत्रांत कमाल मर्यादेपलीकडचा आवाज सरळ कापला जातो, म्हणून सर्वांत मोठा आवाजहि मर्यादेच्या सुमारें १२ डेसिबल खालीं राहील अशी जुळणी करावी. कानाला हेडफोन लावून ऐकत राहावें. डोळ्यांना दिसणारा दिवा यंत्र चालू असल्याचें सांगतो, मुद्रण चांगलें होत असल्याचें सांगत नाहीं. आरंभीं तारीख, गांव आणि बोलणाऱ्याचें नांव तोंडानें नोंदवावें. पण त्याहिपूर्वीं, मुद्रण कशासाठीं आहे आणि तें कोठें ठेवलें जाईल हें त्या माणसाला सांगून त्याची संमति घ्यावी. आवाज त्याचा आहे, यंत्रवाल्याचा नव्हे.

शेवटची गोष्ट जतनाची. सोनी कंपनीनें २००५ सालीं डॅट-यंत्रांचें उत्पादन थांबविलें. फिती शाबूत आहेत, पण त्या वाजविणारीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत. २०१९ सालीं युनेस्कोच्या साह्यानें जगभरच्या चुंबकीय फितींविषयीं इशाराच देण्यांत आला. शंभर वर्षांपूर्वींची मेणाची नळी निदान डोळ्यांना दिसते, तिच्यावरच्या रेषा भिंगांतून पाहतां येतात. बिघडलेल्या कार्डावर पाहण्यासारखें कांहींच उरत नाहीं. म्हणून मुद्रण झाल्या दिवशींच त्याच्या तीन प्रती काढाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्या आणि एक दुसऱ्या गांवीं असूं द्यावी. बोलणाऱ्याच्या घरींहि एक पोंचवावी. मुठीएवढें यंत्र घेऊन खेड्यांत जाणें आतां सोपें झालें आहे. तेथून आणलेला आवाज पन्नास वर्षांनीं त्याच घरांतील नातवंडांना ऐकूं यावा, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप आहे, आणि तो पार पाडण्याचें काम कोणत्याहि यंत्रावर सोंपवितां येत नाहीं.