त्या दरबारात चित्रकार नव्हताच!

परवा एका मंडळाच्या फ्लेक्सवर पेशवे दरबाराचं ते प्रसिद्ध चित्र पाहिलं. गादीवर सवाई माधवराव, समोर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, हातात तहाचा कागद. खाली ओळ: ‘पेशवे दरबार, १७९०, प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र’.

मंडळी, इथंच घोळ आहे. टिपूविरुद्धचा तह १७९० चा, हे खरं. पण चित्र थॉमस डॅनियलने रंगवलं १८०५ मध्ये, इंग्लंडात. तो त्या दरबारी नव्हता. त्याने वापरली जेम्स वेल्सची रेखाटनं, आणि वेल्स भारतात आला तोच १७९१ साली. म्हणजे तहाच्या वेळी दोघंही तिथं नाहीत.

मग चित्र टाकाऊ का? अजिबात नाही. वेल्स पुण्यात राहिला, पेशवे आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून त्याने त्यांचं चित्र काढलं. त्यामुळे पगड्या, अंगरखे, खाली बिछायतीवर बसलेला दरबार, धनी गादीवर आणि बाकीचे अंतर राखून, हा रिवाज माहीतगाराच्या नजरेतून आलाय. शिवाय १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल गेले, तेव्हा असा पुरावा सोडून कसं चालेल?

पण ‘त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं’ हे विचाराल तर या चित्राची साक्ष कच्ची. पैसे कोणाचे ते बघा ना! चित्र काढून घेतलं मॅलेटनेच. तोवर तो वेल्सचा जावईही झाला होता. साहजिकच सगळ्या दरबाराच्या नजरा त्याच्या कागदावर. पेशवे तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. कारभार नानांचा, तहाची घासाघीसही नानांशी. चित्रात मात्र मामला मॅलेट आणि पेशवे या दोघांतच उरकल्यासारखा दिसतो. ती घासाघीस शोधायची तर दफ्तरातली पत्रंच उघडावी लागतात.

मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मंडळाच्या पोरांना म्हटलं, निदान खाली १८०५ तरी टाका रे.

“दादा, फ्लेक्स छापून झालाय. पुढच्या वर्षी बघू.”