एका शिवीची कुळकथा

बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर, मार्गशीर्षातील पौर्णिमेला मराठी भक्त 'रांडाव पुनव' आणि कानडी भक्त 'रंडे हुण्णिमे' म्हणतात, आणि हे नाव घेताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. कारण कार्तवीर्याच्या वैरात जमदग्नी मारले गेले व त्यांच्या पत्नीला, रेणुकेला म्हणजेच यल्लम्माला, वैधव्य आले तो हा दिवस, अशी श्रद्धा असून, डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली), गळ्यात कवड्यांची माळ आणि कपाळी भंडारा अशा वेषातील, देवीला सोडलेल्या जोगतिणी त्या दिवशी देवीसह आपल्याही हातांतला चुडा फोडतात. संस्कृतातील 'रण्डा' म्हणजे विधवा, हा मूळचा अर्थ येथे अद्याप जिवंत आहे; डोंगर उतरून खाली आले की मात्र तोच शब्द चव्हाट्यावरची शिवी होतो. नवरा मेलेली बाई कोणाचीही, हे समाजाने आधी मनात धरले आणि मग शब्दाच्या माथी मारले.

इंग्रजांनीही निराळे केले नाही. घर सांभाळणाऱ्या 'हाउसवाइफ'चेच झिजलेले रूप 'हसी', आणि सतराव्या शतकापर्यंत त्याचा अर्थ उठवळ बाई असा झाला. त्याच 'घर' शब्दापासून निघालेल्या 'हसबंड'च्या अब्रूला मात्र तिळमात्र धक्का लागला नाही.

असाच पंक्तिप्रपंच आपल्या दफ्तरी भाषेतही आढळतो. अरबी 'कसब' म्हणजे कमाई. मराठीत येता येता त्याला हुन्नराचा अर्थ चिकटला आणि 'कसबी' कारागिराची तारीफ होऊ लागली, परंतु स्त्रीलिंगी प्रत्यय लागताच 'कसबीण' झाली ती वेश्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबून पोट भरणाऱ्या बायांमध्ये देवाला सोडलेल्याही होत्या. त्यांची कमाई घामाची, तरी गावाच्या तोंडी विशेषण तेच.

मुंबई इलाख्याच्या 1934 च्या आणि कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्यांनी अशा बायांसाठी 'देवदासी' ही संज्ञा वापरली व मुली देवाला सोडण्यास मनाई केली, हे उचितच झाले. शब्दकोशात मात्र अद्याप कसबी म्हणजे निष्णात, आणि निष्णात बाईला 'कसबीण' म्हणण्याची कोणाची छाती नाही.