मुदतवाढ

कॉमर्सच्या पदवीसाठी इतिहास लागत नाही, आणि बँकेत चिकटल्यावर तर तारखेचा शिक्का तेवढा इतिहास उरतो. तरी निजामाचं प्रकरण वाचलं आणि वाटलं, अहो, हे तर आपल्याच कर्जखात्याचं आहे! ज्याला द्यायचं नसतं तो कधी नाही म्हणत नाही, मुदत मागतो.

१५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला. आमचं अर्धापूर, नांदेड, लातूर मात्र निजामाच्याच खात्यावर राहिलं. विलीनीकरणाला स्वारी हो म्हणेना, नाही म्हणेना. ऑक्टोबरात करार घेऊन शिष्टमंडळ दिल्लीला निघायचं, तर रझाकारांच्या जमावाने पहाटेच त्यांच्या घरांना वेढा घातला. शेवटी २९ नोव्हेंबरला वर्षभराचा ‘जैसे थे करार’ झाला. म्हणजे दोघांनी होतं तिथंच उभं राहायचं.

उभं कोण राहतंय! हैदराबादने भारत सरकारचेच रोखे देऊन पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज केलं. (असं प्रकरण आमच्या शाखेत आलं असतं तर मॅनेजरसाहेबांनी आधी पाणी मागवलं असतं.) भारतीय रुपया संस्थानात चालेनासा केला. दिल्लीने मालाची वाट अडवल्याची हैदराबादची तक्रार होतीच. लातूरला वकिली केलेले कासिम रझवी रझाकार वाढवत होते. तिकडे जानेवारी १९४८मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. मला आपली काळजी तिथल्या कॅशियरची. त्या संध्याकाळी त्याने कॅश कशी जुळवली असेल? देशभक्तीचं व्हाउचर नसतं हो!

पेन्शनला येणाऱ्या एका काकांना मी मोठ्या उत्साहाने हा करार समजावून सांगितला. काका म्हणाले, “साहेब, मी लहान लेकरू व्हतो. रातच्याला आमी ज्वारीत झोपायलो व्हतो. रडू ऐकू जाऊ नये म्हणून माय तोंडावर हात ठेवायची.” मी निमूटपणे पासबुक भरून दिलं.

१३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या, १७ला निजाम शरण आला. मुदतठेव अडीच महिने आधीच मोडली. व्याज मात्र करारावर ज्यांची सही नव्हती त्यांच्याकडून वसूल झालं: आधी रझाकारांच्या गावागावांतल्या धाडींत, आणि नंतर सूड म्हणून मारल्या गेलेल्या हजारो निरपराध मुसलमानांकडून. सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले. त्यांत नांदेड आहे. तो अहवाल कित्येक वर्षं सरकारी कपाटात होता. जैसे थे.